मोडीच्या डब्यातलं सी किंग

जुनी घड्याळं जमवायची हौस मला लागली ती फसून. आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेल्या सामानात काळ्या तबकडीचं एचएमटी पायलट दिसलं. इतकं चकचकीत, की काल कारखान्यातून आल्यासारखं. बाराशे रुपये मोजले आणि घरी येईपर्यंत चार वेळा हात वर करून बघितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घड्याळवाल्या मामांकडं नेलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, "नोड्री," म्हणजे 'बघा' म्हणाले आणि डोळ्याचं भिंग माझ्याच हातात दिलं. मशीन एचएमटीचंच, पण गंजलेलं. केस, म्हणजे बाहेरचं कवच, दुसऱ्याच घड्याळाची, आणि आत मशीन हलू नये म्हणून कडेला कागदाची घडी खुपसलेली. तबकडी तर रंगवूनच काढलेली. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतो. आम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडणारे, आणि माझ्या मनगटावर कागदाची घडी!

तेव्हा नव्यानं या नादाला लागणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो: झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "उघडलं तर बिघडतंय," असं विकणारा म्हणाला, तर पुढं चाला. त्याआधी बाहेरूनच बरंच कळतं. तबकडीवरची अक्षरं जाडसर, कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा काठाला समान न टेकणाऱ्या असतील, तर ती रंगवलेली. स्विस घड्याळात सहाच्या आकड्याखाली अगदी काठाला बारीक अक्षरात 'स्विस मेड' असतं. रंगवणारे नेमकं तेच विसरतात, नाहीतर वर सरकवतात. पन्नास वर्षांच्या तबकडीवर एक डागसुद्धा नसेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. फौजी म्हणून विकायला आणलेल्या घड्याळांना तर दुप्पट तपासा. फौजी मालावरची बाणाची खूण रंगवायला कितीसा वेळ लागतो?

मग चावी द्या. निव्वळ चावीच्या घड्याळात ती फिरतच राहिली, कुठं अडलीच नाही, तर आतली स्प्रिंग तुटलेली असणार. चालू घड्याळ असेल तर पालथं आणि उताणं, दोन्हीकडून कानाला लावा. जनतासारखं चावीचं एचएमटी सेकंदाला पाच ठोके देतं. ते मोजता येत नाहीत, पण लंगडणारा ठोका कानाला कळतो. बंद घड्याळ असेल तर झाकण काढून हलकेच हलवा. बॅलन्सचं चाक, म्हणजे ठोक्याबरोबर मागंपुढं फिरणारं चाक, मोकळं झुलत असेल तर त्याचा दांडा बहुधा शाबूत आहे, आणि मग भावाची गोष्ट करायला हरकत नाही. एक इशारा मात्र मनावर घ्या: फार जुन्या घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या रंगात खरंखुरं रेडियम असायचं. ते नखानं खरवडू नका, आणि घरी बसून काच काढायचा शहाणपणा करू नका.

एचएमटीपासूनच सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली बेंगळुरात ही घड्याळं बनायला लागली, आणि नंतर लग्नातल्या जावयापासून निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या हातात गेली. त्यामुळं सुटे भाग अजून मिळतात आणि जुन्या कारागिरांना ती मशीनं डोळे मिटून उलगडता येतात. २०१६ साली सरकारनं कंपनीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून भाव चढले. तरी चुकलं तर परवडतं.

आता नशिबाची गोष्ट. ती बाजारात नाही, मामांच्या टेबलाखाली होती. १९८७ पासून टायटनची सेलवरची घड्याळं आली, पुढं मोबाइल आले, आणि दुरुस्तीला टाकलेली कितीतरी घड्याळं न्यायला कुणी परत आलंच नाही. असा मोडीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा प्रत्येक जुन्या दुकानात असतो. पण तो गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. मी वर्षभर जाऊन बसलो, चहा आणला, स्क्रू शोधायला जमिनीवर रांगलो, तेव्हा कुठं एका पावसाळी दुपारी मामांनी डबा पुढं सरकवला. तळाशी वाळूच्या घड्याळाची खूण असलेली तबकडी दिसली: फाव्र-ल्यूबाचं सी किंग. १७३७ पासूनचं स्विस घराणं! काच तडकलेली, पट्टा नाही, बंद. पण तबकडी मूळची, चहाच्या रंगाची झालेली.

"किती देऊ मामा?"

"तुम्हीच सांगा की."

सहाशे म्हणालो. त्यांनी पाचशे घेतले आणि सर्व्हिसिंगचे सातशे लावले! आतलं तेल वाळून डिंक झालं होतं, एवढाच काय तो बिघाड. म्हणून हिशेब करताना सर्व्हिसिंग, काच आणि पट्टा धरूनच करा. दोनशेचं घड्याळ दोनशेत कधीच पडत नाही.

आमच्या भागात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यानं गावोगाव माजी सैनिकांच्या ट्रंका आहेत, आणि त्यात घड्याळं. खानापूरकडच्या एका गावात एका काकूंनी असंच सासऱ्यांचं वेस्ट एंड कंपनीचं सोवार प्राइमा हे जुनं स्विस घड्याळ काढून दाखवलं. "दोनशे दे आणि ने," म्हणाल्या. माझा हात खिशात गेला होता, खोटं कशाला बोलू. पण जेवायला वाढलेल्या घरात ते जमेना. "काकू, ह्याचे हजारांत येतील," म्हणालो. त्यांनी घड्याळ पुन्हा रुमालात बांधलं. "मग राहू दे की. नातवाला होईल."

मोकळ्या हातानं परत आलो. मित्रांनी वेड्यात काढलं, आणि पुढं महिनाभर मलाही त्यांचं पटत होतं. यंदा दिवाळीत तिकडं गेलो, तर दहावीतल्या नातवाच्या हातात ते घड्याळ होतं, बंद पडलेलं.

"काका, ह्याला सेल कुठं बसतो?"

त्याचा हात धरला आणि चावी द्यायला शिकवली.