पार्वोचं पिल्लू घरी आणण्याआधी

पार्वो हा कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. अशा आजारी पिल्लाला दवाखान्यात ठेवून घेत असतील, तर ठेवावंच, हे आधी सांगते. पार्वोचा विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि अस्थिमज्जेवर (हाडातल्या मगजावर) घाला घालून रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटवतो. पिल्लू उलट्या-जुलाबांनी सुकतं, आणि त्यातच आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. शिरेतून चोवीस तास सलाइन देणं घरी जमत नाही. पण कधी खाटा भरलेल्या असतात, कधी पैसे पुरत नाहीत, कधी तीन-चार दिवसांनी पिल्लू घरी सोडतात. त्या घरासाठी ही तयारी.

सगळ्यात आधी खोली. धुता येईल अशी फरशी हवी. गालिचा, गाद्या, कापडी खेळणी बाहेर काढा, कारण हा विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो. अंथरायला जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रं भरपूर जमवा, घाण झाली की टाकून देता येतील अशीच. साधं फिनेल किंवा हाताला लावायचं सॅनिटायझर इथे कुचकामी आहे. ब्लीच आणा, रोजच्या रोज ताजं मिसळा, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. घाण आधी पुसून, साबणाने धुऊन मगच ते ओता, नाहीतर घाणीत ब्लीचचा जोर संपतो. लघवी राहिलेली असेल तर विषारी वाफाही उठतात. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने धुऊन वाळवा. पिल्लू तोवर दुसरीकडे, खिडक्या उघड्या.

खोलीच्या दाराशी हातमोजे, वेगळी चप्पल आणि कपडे. शक्यतो एकाच माणसाने सेवा करावी. माणसाला हा रोग होत नाही, पण त्याच्या तळव्यांवरून तो दुसऱ्या कुत्र्यापर्यंत जातो. घरातल्या मांजरालाही लांबच ठेवा.

आता एक वही. ही मी सगळ्यात महत्त्वाची मानते. किती वाजता उलटी, जुलाबात रक्त किती, लघवी झाली का, सकाळचं वजन, तापमान, कोणतं औषध कधी, सगळं लिहा. रात्री तीनला डोकं चालत नाही आणि डॉक्टर विचारतात तेव्हा आठवत नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा असतो, टोकाला थोडं व्हॅसलीन लावून. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. ताप चढला तरी कळवा, पण पारा ९९ च्या खाली आला तर थांबूच नका. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पांढरट, चिकट हिरड्या, उठायला नकार, थरथर, सतत उलट्या, यातलं काहीही दिसलं की तेव्हाच निघायचं. म्हणून रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि वाहनाची सोय आजच करून ठेवा.

रक्तातली साखर उतरून पिल्लू गळून पडू शकतं. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळून लगेच दवाखाना गाठायचा, म्हणून मध हाताशी असू द्या. सिरिंजने तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पाणी आणि मऊ, पचायला हलका आहार किती नि कधी, ते डॉक्टरांनाच विचारा. थांबलेल्या उलटीनंतर चमचाभरापासून सुरुवात असते. माणसांची तापाची किंवा जुलाबाची गोळी मात्र घरात त्याच्या नावाने आणूही नका, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासमान आहेत.

ऊब लागते. पाण्याची गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून, त्याला सरकता येईल अशी एका बाजूला ठेवा.

बरं झाल्यावरही साधारण दोन आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. कॅलेंडरवर ती तारीख मांडून ठेवा. तोवर ना बाग, ना भावंडं. आणि त्याच्या पिल्लू-भावंडांची लस किती झाली, हे त्यांच्या घरी आजच फोन करून विचारा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत डोस चालतात.