आमटी न सांडता लॅप टाइम कसा काढायचा

बाणेरचा एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला. नवी स्पोर्ट्स कार, ट्रॅक डेचं, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचं, बुकिंग झालेलं, आणि डोक्यात एकच प्रश्न: "सर, सरळ पट्टा संपताना तुम्ही ब्रेक नेमका कुठे मारता?" मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी सांग, तू सोडतोस कुठे? तो माझ्याकडे बघतच राहिला. ब्रेक सोडायचीही जागा ठरलेली असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही पहिली पाच-सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

टेस्ट ड्रायव्हर म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस रोज उठून रेकॉर्ड तोडतो. माझी सतरा वर्षं या कामात गेली. त्यातली निम्मी मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून, दगडी ट्रॅकवर वीस-तीसच्या स्पीडने गाडी आपटवण्यात आणि "डॅशबोर्डमधून कुठून करकरतंय" हे शोधण्यात गेली. लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकची एक फेरी किती वेळात होते ते, काढायचं काम वर्षातून दोन-चारदा यायचं. पण त्या दोन-चार दिवसांनी जे शिकवलं, ते बाकीच्या वर्षाने नाही.

पुण्याजवळ गाड्या बनतात, चाकणपासून तळेगावपर्यंत. वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. पण स्पोर्ट्स कार मनमुराद पळवावी असा रेसिंग सर्किट आपल्याकडे नाही, त्यामुळे गाडी ट्रेलरवर चढवून लांब जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. ताम्हिणीत किंवा एक्स्प्रेस-वेवर "टायमिंग" काढणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही. समोरून टेम्पो येऊ शकतो अशा रस्त्यावर लॅप टाइम नसतो.

निघण्याआधी

ब्रेक ऑइल बदला. शोरूममधून निघालेल्या गाडीचंसुद्धा, तिने एक पावसाळा पाहिला असेल तर. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. एकदा एका गॅरेजने "बदललंय साहेब" असं सांगून मला गाडी दिली. मीही बाटली बघायला मागितली नाही, तेवढी चूक माझी. चौथ्या लॅपला पेडल दाबलं आणि ते ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर थोडं उभं राहिलं, गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली, कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली जाते आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढेपर्यंत मी शेजारी स्टूल टाकून बसतो. फिटर वैतागतात. वैतागू देत.

ब्रेक पॅड अर्ध्याहून कमी उरले असतील तर तेही बदला. चाकाचे नट टॉर्क पान्याने घट्ट करा आणि पहिल्या राउंडनंतर पुन्हा तपासा. गाडीतून जॅक, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं काढून ठेवा. गणपती खिशात ठेवला तरी चालतो.

टायरची हवा

पंपावरच्या मशीनवर विसंबू नका, स्वतःचा गेज घ्या. टायर तापला की आतली हवा तापते. साधारण सात अंशांना एक पीएसआय वाढतो. सकाळी तीस अंशांना २७ भरलेला टायर पासष्ट अंशांना ३२ च्या आसपास जातो. म्हणून थंड टायरचा आकडा नुसता पाठ करून उपयोग नाही. गरम असताना किती हवा हवी ते ठरवायचं, लॅप मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागेत, आल्या आल्या मोजायचं आणि जास्तीची सोडायची. माझ्या गाड्यांना गरम ३२-३३ मानवायचं, तुमची गाडी वेगळी असेल.

दोन बारीक गोष्टी. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे डाव्या टायरवर भार जास्त, आणि तेच जास्त तापतात. डाव्या बाजूला सुरुवातीला एक पीएसआय कमी ठेवलेला बरा. दुसरी गोष्ट, गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाच्या बाजूचे टायर तुम्ही मोजायच्या आधीच तापलेले असतात. मी एकदा असा अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो की उजवीकडचा आकडा दीडने जास्त का. शेवटी चहावाल्या पोराने सांगितलं, "साहेब, इकडून ऊन येतंय."

आणखी एक, पुणेकरांसाठी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे हवा पाच-सहा टक्के विरळ. चेन्नईच्या ट्रॅकवर टर्बो नसलेलं इंजिन तेवढंच जोरदार वाटतं. गाडी सुधारली असं वाटून खूश होऊ नका. सरळ पट्ट्याच्या टोकाला तुम्ही सवयीपेक्षा जास्त स्पीडने पोचणार आहात, एवढंच.

आता ब्रेक

आमची जुनी मारुती ८०० होती. दर रविवारी आई कर्वेनगरहून निगडीला मावशीकडे जायची, मांडीवर स्टीलच्या डब्यात आमटी. झाकण ढिलं. प्रत्येक सिग्नलला मी थांबलो की शेवटच्या क्षणी गाडी एक आचका द्यायची आणि आमटी आईच्या पातळावर. ती काही बोलायची नाही, फक्त "हं" म्हणायची. ते "हं" टाळायला मी शिकलो की गाडी थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात पाय थोडा थोडा उचलत न्यायचा. नळस्टॉपच्या सिग्नलला हे जमलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. याचा लॅप टाइमशी संबंध आहे हे कळायला पस्तिशी उजाडली.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, नाक खाली बसतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात. वळायला तोच दाब लागतो. नवखा माणूस काय करतो? उशिरा आणि जोरात ब्रेक मारतो, वळणाच्या तोंडाशी पाय झटकन काढतो आणि मग स्टिअरिंग फिरवतो. पाय काढला त्याच क्षणी नाक वर येतं, पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि गाडी सरळच निघते. मग तो म्हणतो, गाडी वळतच नाही, सस्पेन्शन बदलायला हवं. सस्पेन्शनचा काही दोष नसतो.

पाय हळू काढायचा. पहिला दाब पूर्ण आणि ठाम, गाडी सरळ असताना. स्टिअरिंग वळवायला सुरुवात केली की जितकं ते वळेल तितका पाय वर. वळणाच्या आतल्या टोकाशी, म्हणजे एपेक्सशी, पोचेपर्यंत पायाखाली ब्रेकचा नुसता वास उरलेला असावा. पाय फार वेळ दाबून ठेवलात तर मागचे टायर हलके होतात आणि गाडी मागून निघते. हे पहिल्यांदा होईल तेव्हा घाबरायला होतं. म्हणून सुरुवातीला अशा वळणावर शिका जिथे बाहेर मोकळी जागा भरपूर आहे.

हिशेब करून बघा. २०० च्या स्पीडने येऊन ८० पर्यंत उतरायचं आहे असं धरा. ब्रेक पाच मीटर उशिरा मारला आणि बाकी सगळं बिनचूक जमलं, तर सुटतात जेमतेम तेरा शतांश सेकंद. आणि नाही जमलं तर? गाडी बाहेर वाहते, अॅक्सिलरेटर उशिरा मिळतो, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तुम्ही पाच किलोमीटर कमी स्पीडने निघता. एक किलोमीटरच्या पट्ट्यावर त्याचे सहज पंचवीस शतांश जातात. बुद्ध सर्किटवर तिसरं वळण नेमकं असं आहे: चढावरचं उजवं, आणि त्यापुढे ट्रॅकवरचा सगळ्यांत लांब सरळ पट्टा. तिथे शौर्य दाखवणारा माणूस चौथ्या वळणापर्यंत ते व्याजासकट फेडतो. मी तिथे कडेला लावलेल्या ब्रेकच्या अंतराच्या बोर्डाच्या चांगलं आधी ब्रेक मारतो. लोक हसतात, पट्ट्याच्या शेवटी मी त्यांच्या पुढे असतो.

म्हणून पद्धत अशी. पहिल्या दिवशी ब्रेकची जागा मुद्दाम लवकरची घ्या आणि तिला हातच लावू नका. दिवसभर फक्त सोडण्यावर काम करा. गाडी एपेक्सला आपोआप जाऊ लागली, अॅक्सिलरेटर एकदा दिल्यावर परत उचलावा लागत नाही असं झालं, की जागा तीन मीटर पुढे सरकवा. परत तेच.

खूण मात्र हलणारी नको. पहिल्या वर्षी मी एका वळणाला कडेला उभा असलेला पांढरा पाण्याचा टँकर खूण म्हणून धरला होता. सुंदर लॅप चालले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर टँकर गेला. मला हे कळेपर्यंत मी ब्रेकच्या जागेच्या बराच पुढे होतो. त्या दिवसानंतर संध्याकाळी ट्रॅकवर पायी फिरतो, चपला काढून. डांबर कुठे गुळगुळीत झालंय, कुठे ठिगळ आहे, कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेची रंगीत पट्टी, कुठे फुटलाय, हे तळव्याला गाडीपेक्षा आधी कळतं. खूण कर्बच्या रंगाची, डांबरातल्या भेगेची किंवा पक्क्या बोर्डाची घ्या.

घड्याळ

मोबाइलच्या ॲपवर भरवसा ठेवू नका. सेकंदाला एकदा जागा नोंदवणारं जीपीएस २०० च्या स्पीडला दर पंचावन्न मीटरांनी एकदा डोळे उघडतं. निदान सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवणारं, म्हणजे दहा हर्ट्‌झचं, जमल्यास पंचवीसचं लॉगर (वेग आणि जागा नोंदवणारं यंत्र) घ्या. संध्याकाळी हॉटेलात लॅप टाइमचा आकडा आधी बघू नका, स्पीडचा आलेख बघा. वळणातला खड्डा खाली टोकदार असेल तर पाय झटकन सुटलाय. तळ गोलसर असून पुढची चढण लवकर सुरू होत असेल तर आमटी डब्यात आहे.

दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करताना दोन प्रश्न विचारा: टायर कोणते, आणि घड्याळ कुठून कुठपर्यंत? जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकवर २०२१ मध्ये पोर्शेचा टेस्ट ड्रायव्हर लार्स केर्नने पोर्शे ९११ जीटी२ आरएसमध्ये एक लॅप मारला. त्याचा वेळ ६ मिनिटं ४३.३०० सेकंदही आहे आणि ६ मिनिटं ३८.८३५ सेकंदही. लॅप एकच. पहिला आकडा पूर्ण २०.८३२ किलोमीटरचा, दुसरा जुन्या पद्धतीच्या २०.६ किलोमीटरचा, ज्यात स्टँडसमोरचा छोटा सरळ तुकडा मोजत नसत. तिथे साडेचार सेकंद नुसत्या मोजण्यात असतील, तर चुलतभावाच्या "माझा मित्र अमुक वेळात मारतो" ला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

प्रत्यक्ष लॅप

सकाळी लवकर, ट्रॅक थंड असताना. पहिला लॅप टायर तापवायला: ब्रेक मध्यम, पण पुन्हा पुन्हा. मग दोन लॅप पूर्ण जोर लावून, त्यानंतर एक सावकाश. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीच्या कमी खाचांच्या, टायरवर चांगला वेळ बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या जोराच्या लॅपलाच निघतो. पाचव्यापर्यंत टायर तापून तेल लावल्यासारखे घसरायला लागतात आणि तुम्ही उगाच स्वतःवर चिडता. माझा सगळ्यांत चांगला लॅप मला संथ वाटला होता. शेजारी बसलेला इंजिनिअर तर जांभई देत होता. पिटमध्ये येऊन लॉगर बघितला तेव्हा आधीच्यापेक्षा आठ दशांश कमी.

शेवटचा लॅप ब्रेक न वापरता, वरच्या गिअरमध्ये आणा, डिस्कना वारा लागू द्या. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाखाली वीट लावा, बॉनेट उघडा आणि मगच चहा सांगा.