गॅस भरायच्या आधी गळती शोध

दहावीचा निकाल लागला की पिंपळगाव बसवंतच्या माझ्या गाळ्यावर दरवर्षी दोन-तीन वडील मुलाला घेऊन येतात. "याला एसीचं काम शिकवा, लवकर कमवायला लागेल," म्हणतात. त्या मुलांना मी जे सांगतो तेच इथं लिहितोय.

लगेच हेल्पर म्हणून येऊ नकोस, आधी आयटीआय कर. ट्रेडचं नाव रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन, मुदत दोन वर्षं, दहावी पास झालास की फॉर्म भरता येतो. त्यानंतर अप्रेंटिसशिप सोडू नकोस. पुढं शिकायचं असेल तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मी स्वतः तीन वर्षं हेल्परकी करून मग आयटीआयला गेलो. त्या तीन वर्षांत हात बसला, पण आउटडोअरमधून, म्हणजे एसीच्या घराबाहेरच्या भागातून, गरम हवा का येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरातली उष्णता उचलून बाहेर टाकायची, एवढंच मशीन करतं. हे डोक्यात बसलं की बिघाड कुठं शोधायचा ते आपोआप सुचायला लागतं.

वीज मनापासून शिक. एप्रिलमध्ये फोन येतो, "पंखा फिरतो, पण थंड होत नाही." पोरगा जातो, गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावायच्या आधीच "गॅस संपलाय" म्हणून सांगतो. बऱ्याचदा कॅपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग) गेलेला असतो आणि कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करून ट्रिप होतो. म्हणून पहिल्या कमाईतून क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजणारं) घे, गेज नंतर. आणि कॅपॅसिटरला हात लावण्याआधी मेन बंद करून तो डिस्चार्ज करायचाच, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायची.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. हेल्पर असताना एका दवाखान्यात आम्ही लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. चौथ्या वर्षी मी एकटा गेलो. घरातल्या युनिटमागच्या फ्लेअर नटवर (तांब्याच्या नळीचं तोंड फुलवून, म्हणजे फ्लेअर मारून, ती ज्या नटने जोडतात त्यावर) तेलाचा काळपट डाग होता. साबणाचं पाणी लावलं तर मोहरीएवढे बुडबुडे, अगदी सावकाश. फ्लेअरची कड तडकली होती. नवी फ्लेअर मारली, आणि त्या मशीनला त्यानंतर गॅस लागला नाही. त्या डॉक्टरबाईंचे तीन वर्षांचे पैसे आठवले की मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझ्याकडे नियम आहे, गळती सापडल्याशिवाय सिलेंडर गाडीतून खाली उतरवायचा नाही.

फ्लेअर अशी मार. नळी कटरनेच काप, करवतीने नको. कटर थोडा थोडा आवळत फिरव, एकदम दाबलास तर नळी चेपते. आतली बर (कापताना उरलेली धारदार कड) रीमरने खरवडून काढताना नळीचं तोंड खाली धर, म्हणजे तांब्याचा चुरा आत न जाता जमिनीवर पडेल. नट आधी नळीत घाल. हे सगळेच एकदा तरी विसरतात. फ्लेअर झाली की उजेडात धरून बघ, कड सगळीकडून सारखी आणि आरशासारखी गुळगुळीत हवी. नट आधी हाताने बसव, मग दोन पाने (स्पॅनर) लावून आवळ. एकाच पान्याने आवळलंस तर नळी पिळवटते.

गळती तपासायला नायट्रोजन वापर. ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग आतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लाव आणि 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली ने. थोडा गॅस सोडून हवा हाकलायची जुनी सवय अनेकांना आहे, ती उचलू नकोस. आता आर-22 हा जुना गॅस मागं पडला, नव्या मशीनमध्ये बहुधा आर-32 येतो. तो पेट घेऊ शकतो आणि त्याचा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे जुने गेज-होस चालत नाहीत. आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. इन्व्हर्टर मशीनमध्ये नुसता दाब बघून अंदाज बांधू नकोस, आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेले गॅसचे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भर.

छज्ज्यावर उतरताना बेल्ट लाव. ग्राहक घाई करत असला तरी.

घरगुती एसीचं काम मुख्यतः उन्हाळ्याचं. बारा महिने चूल पेटती ठेवायची तर कोल्ड रूम शीक. आमच्या भागात जानेवारीपासून द्राक्षाचं प्री-कूलिंग (तोडलेला माल लगेच थंड करणं) सुरू होतं, रात्री दोनलाही फोन येतो. दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर दूध 4 अंशांपर्यंत उतरवतो, तो बंद पडला तर सकाळचं सगळं दूध नासतं. अशा ठिकाणी वेळेवर पोचणाऱ्याचा नंबर लोक भिंतीवर लिहून ठेवतात. मोठ्या कोल्ड स्टोअरेजमध्ये गॅस म्हणून अमोनिया असतो. तिथं अनुभवी ऑपरेटरच्या हाताखाली राहिल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गाळ्यावर ये. भंगारातल्या तांब्याच्या नळ्या कोपऱ्यात ठेवल्यात. पहिले पंधरा दिवस फक्त फ्लेअर मारायच्या.