कांदाटी खोऱ्यात बदली झालीय? पहिल्या पावसाळ्याची तयारी अशी करा

शिक्षकाच्या हातात या बदलीची ऑर्डर पडली की पहिले दोन दिवस रडण्यात जातात. माझेही गेले. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "तिथं पाणी हाय न्हवं? मग रडतीस कशाला?" मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली. दहिवडीच्या पुढचं आमचं गाव उन्हाळाभर टँकरकडं डोळे लावून बसतं. आमच्याकडं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. महाबळेश्वरच्या अंगाला साडेपाच-सहा हजार. जिल्हा एकच, सर्व्हिस बुकावर शिक्काही तोच, पण माझ्या आईनं शिकवलेला संसार इथं काडीचा कामाला आला नाही.

सात पावसाळे काढले. आता दर मे महिन्यात कुणा ना कुणा नव्या सरांचा, बाईंचा फोन येतो आणि तेच प्रश्न असतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी जागा समजून घ्या. साताऱ्याहून कासवरून बामणोली, किंवा महाबळेश्वरहून उतरून तापोळा. पुढं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं अडवलेलं पाणी. पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कुशीत आपली शाळा. तेच कांदाटी खोरं. मधे लाँच. धरण झालं तेव्हा नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, वरच्या अंगाची माणसं तिथंच राहिली. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्यामुळं भोवतालचं रान शाबूत आहे आणि रस्ते, खांब, टॉवर यांचं घोडं त्या रानातच अडलेलं आहे. पुस्तकात या रानाला सदाहरित वर्षावन म्हणतात. अंजनी, जांभूळ, पिसा, खाली कारवी. भर दुपारी आत शिरलात तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. वाडीत मात्र म्हातारीकोतारी आणि लेकरं. कर्ती माणसं मुंबईला.

पहिली गोष्ट तारखांची. आपली उन्हाळी सुट्टी मे महिन्यात आणि शाळा भरते जूनच्या मध्याला. नेमका हाच महिना इथं बेगमीचा असतो. तुम्ही १४ जूनला दोन बॅगा घेऊन उतरलात तर पावसाळा तुमच्या आधी हजर झालेला असतो. म्हणून सुट्टीतले आठ दिवस मोडा, मेच्या शेवटच्या आठवड्यात सामान पोचवा. आणखी एक. मे-जूनमध्ये धरणाचं पाणी आटून खाली गेलेलं असतं, त्यामुळं लाँच गावापर्यंत येतच नाही, लांब थांबते. तिथून गाळ तुडवत सामान डोक्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पायरीला लागतं, पण तेव्हा वारा सुटतो आणि लाँचवाला नाही म्हणतो. तो नाही म्हणाला की विषय संपला. मीटिंग आहे, पगारबिल आहे, साहेब वाट बघतायत, काही सांगू नका.

आता काय आणायचं. मी पहिल्या वर्षी पंधरा किलो गव्हाचं पीठ दळून आणलं होतं. शहाणपणा! जुलैच्या पहिल्याच आठवड्यात डबा उघडला तर पिठाला गाठी, वर हिरवट बुरा आणि एक आंबूस वास. शेजारच्या आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, आता ह्ये कोंबड्यांला बी नका घालू." मग त्यांनी समजावलं. पीठ आणायचं नाही, दाणे आणायचे. पण दाणे दळायला गिरणी लागते, गिरणीला लाइट लागते आणि लाइट गेली की चार-चार दिवस येत नाही. म्हणून मुख्य धान्य तांदूळ, त्याला दळण नाही. दुसरं नाचणी. नाचणीला सहसा कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते आणि अडीनडीला आक्कांच्या जात्यावर किलोभर ओढून होते. एका माणसाला जून ते सप्टेंबर पंचवीस किलो तांदूळ, दहा किलो नाचणी, पाच किलो डाळ, दोन किलो कुळीथ, पाच लिटर तेल पुरतं. गूळ चार किलो, साखर कमी. साखरेला पाणी सुटतं. सुकट-बोंबील खात असाल तर नक्की. खात नसाल तर सांडगे, पापड, आमसुलं. फणसाच्या आठळ्या गावातच मिळतात, आमटीत बटाट्याच्या जागी घाला.

ताज्या भाजीची काळजी करू नका. पाऊस पडला की रान स्वतःच भाजी काढतं. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. पण पहिल्या वर्षी स्वतः खुडायची हौस नको, मुलांच्या आयांबरोबर जा. शेवळं नीट आंबट घालून शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की दोन दिवस परिपाठ म्हणवत नाही. आणि अळंबी कुणी ओळखीच्या बाईनं आणून दिली तरच खायची. माझा तो नियम आजही आहे.

बरण्या काचेच्या असतील तर वरच्या फळीवर ठेवू नका. हा कोयनेचा मुलूख आहे, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच. बारीकसारीक धक्के अजून येतात. पोरं वहीतून मान वर करून "हाललं" म्हणतात आणि पुन्हा लिहायला लागतात.

आता मुख्य मुद्दा. चूल.

गॅस असू दे, सिलिंडर लाँचमधून येतो, भरलेला एक जादाचा ठेवा. पण गॅसवर चहा होतो, घर वाळत नाही. जून ते सप्टेंबर इथं ऊन हा प्रकारच नाही. ढग घरात येतात, अक्षरशः. एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर. चार दिवसांत चपलेवर बुरा येतो, आठ दिवसांत पर्सवर, मग उशीवर. याला एकच उपाय, धूर. गावातल्या जुन्या घरांत बघा, चुलीच्या बरोबर वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर बांबूच्या कामट्यांची ताटी टांगलेली असते. त्यावर उद्याची लाकडं, बियाणं, मिठाचं गाडगं, लसूण. सगळं काळं कुळकुळीत आणि खडखडीत कोरडं. तुमच्या खोलीत तशी ताटी नसेल तर मेमध्येच बांधून घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम, कुणीही म्हातारा करून देतो, पैसे बळंच द्यावे लागतात.

लाकूड तोडायचं नाही. अभयारण्य आहे, आणि तुम्ही सरकारी नोकर. पडलेलं, वाळलेलं गोळा झालेलं गावातून विकत घ्या आणि पडवीत रचा. जमिनीवर नाही, खाली दोन ओंडके आडवे टाकून त्यावर. अंजनीचं लाकूड जड, उशिरा पेटतं, पण एकदा पेटलं की रात्र काढतं. पेटवायला वाळक्या कारवीच्या काड्या, त्यांची एक मोळी वेगळी, तिला हात लावायचा नाही. गोवऱ्या मेपर्यंत वाळलेल्याच घ्या, नंतर मिळते ती गोवरी नव्हे, शेणच.

आणि विस्तव विझू द्यायचा नाही. हे मला शिकायला पूर्ण एक पावसाळा लागला. रात्री जेवणं झाली की जळकं लाकूड मागं ओढायचं, निखारे एकत्र करायचे, त्यावर बचकभर राख पसरायची. जास्त नाही, जास्त झाली की गुदमरून विझतात. कमी झाली की पहाटेपर्यंत जळून जातात. हाताला ती राख कळायला लागते. सकाळी काडीनं उकरलं की आत लाल डोळा दिसतो, त्यावर चार कारवीच्या काड्या आणि एक फुंकर. काडेपेटीची गरज पडत नाही, आणि ते बरंच, कारण काडेपेटी ओढून ओढून नुसती गुळगुळीत होते. तरी दोन पेट्या झाकणाच्या बरणीत तांदळात पुरून ठेवा.

कपडे वाळवायचे तर घमेल्यात निखारे घ्या, त्यावर कोंबड्यांचं मोठं डालगं पालथं घाला आणि डालग्यावर कपडे पसरा. पाठ फिरवू नका, माझी एक चांगली ओढणी अशीच गेली. कपड्यांना धुराचा वास येणार. साताऱ्याला मीटिंगला गेलं की शेजारची बाई नाक उडवते. उडवू दे. शाळेचं रजिस्टर आणि दाखल्यांची फाइलही मी पावसाळ्यात खोलीवरच ठेवते, पत्र्याच्या पेटीत, चुलीच्या भिंतीला लावून. शाळेच्या कपाटात ठेवलेल्या हजेरीची पानं पहिल्या वर्षी एकमेकांना चिकटली होती आणि शाईची नावं एकमेकांत मिसळली होती. तेव्हापासून बॉलपेन.

जळवांचं सांगते, कारण सगळे तेच पहिल्यांदा विचारतात. पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की पायवाटेवरच्या पानांच्या टोकांवर काळ्या सुतासारख्या उभ्या राहतात, डोलत. तुमच्या पायाची चाहूल आणि ऊब त्यांना कळते. थांबू नका, चालत राहा. रांगेत असाल तर पुढं राहा. पुढचा त्यांना जागं करतो, मागच्याला त्या लागतात. लागलेली कळत नाही, दुखतच नाही. शाळेत पोचून मोजा उतरवला की आत फुगलेली द्राक्षाएवढी सापडते. ओढून तोडू नका. बारीक तोंडाचं टोक कुठं आहे ते बघा, नख कातडीला सपाट लावून त्या टोकाखाली सरकवा, सुटते. मग दुसरं टोक. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की पटकन गळते, गावात तेच करतात, मीही पुरचुंडी बाळगते. जखम मात्र बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका. साबणानं धुवा, कापूस दाबून धरा. खाज आठवडाभर येईल, खाजवलं की चिघळेल. पहिल्या दिवशी माझ्या पायाला सात लागल्या होत्या. दुसरीतला एक मुलगा गुडघ्यावर बसून एकेक काढत होता आणि मोठ्यानं मोजत होता. त्याला सातच्या पुढं येत नव्हतं, तर म्हणाला, "बाई, संपल्या."

जळूपेक्षा चिखल्यांना भ्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फाटते, आणि मग एक पाऊल टाकवत नाही. चामड्याची चप्पल घरी ठेवून या. प्लॅस्टिकचे बूट, आणि रात्री पाय कोरडे करून चुलीपाशी शेकून खोबरेल तेल. रोज. कंटाळा न करता.

सापांबाबत दोनच गोष्टी. जमिनीवर झोपू नका; खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, कारण मण्यार रात्री घरात येतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. आणि चावलाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालायचं नाही. वेळ लिहून ठेवायची, अंग हलू द्यायचं नाही आणि निघायचं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. पण ती पाण्यापलीकडं आहे. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंत येते, आणि रस्ता जिथं संपतो तिथून डोली. चार माणसं खांद्याला लागतात, पुन्हा बदलायला चार. पावसाळ्यात वाडीत आठ धडधाकट माणसं कोण, हे मला नावानिशी पाठ असतं. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात पाठ करा. बीपी-शुगरच्या गोळ्या चार महिन्यांच्या एकदम आणा. बाई असाल आणि दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरत असतील तर मेमध्येच माहेरी जा, रजेचं नंतर बघू.

ओढा. शाळेच्या वाटेवर एक तरी असणारच, साकव म्हणजे छोटा पूल असेल-नसेल. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन पालापाचोळा आणायला लागलं असेल तर उतरायचं नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही. काठावर बसून राहायचं, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत ओसरतं. शाळा उशिरा भरली तर भरली. पलीकडून मुलांना मात्र लांबूनच हातवारे करून परत पाठवा, नाहीतर ती बाई दिसल्या म्हणून पाण्यात उतरतात.

फोनला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते, तीही एका दगडावर उभं राहिलं तर. ऑनलाइन माहिती भरायची असेल तर आदल्या दिवशी कागदावर तयार ठेवा. सोलरवर भरवसा नको, ढगांत तो कंदिलाएवढाही चालत नाही.

राहिलं पांघरूण आणि रेनकोट. शहरातला रेनकोट कारवीत दोन दिवसांत फाटतो, छत्री वाऱ्यानं उलटते. लावणीला बाया अजून इरलं, म्हणजे बांबू-पानांचं पाठीवरचं छप्पर, घेतात, नाहीतर प्लॅस्टिकची खोळ. गडीमाणूस मात्र घोंगडं. वरून भिजतं, आत पाणी उतरू देत नाही आणि ओलं असलं तरी ऊब देतं. ही घोंगडी आमच्या माणची, म्हसवडच्या बाजारातली. जिथं पाऊस पडत नाही तिथं ती विणली जातात, हे आक्कांना सांगितलं तर अर्धा तास हसत होत्या. पाहिजे असेल तर एप्रिलमध्येच कळवा. सुट्टीत मी तिकडंच असते, येताना घेऊन येईन. काळं सांगा, पांढऱ्यावर बुरा लगेच दिसतो.