त्वरणाची एकके कशी समजून घ्यावीत

त्वरणाचे एकक पहिल्यांदा वाचताना बहुतेक जण ‘सेकंद वर्ग’ या शब्दांपाशी अडखळतात. मीटर कळतो, सेकंदही कळतो. पण सेकंदाचा वर्ग म्हणजे नेमके काय, हे डोळ्यांसमोर उभे राहत नाही आणि शेवटी ते एकक नुसते पाठ केले जाते. पाठ केलेले एकक रूपांतराच्या वेळी हमखास दगा देते. म्हणून कागद-पेन्सिल जवळ ठेवून पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

पहिली पायरी वेगाची आहे. एका सेकंदात वस्तू ठरावीक दिशेने किती मीटर सरकली, हे वेग सांगतो. म्हणून त्याचे एकक मीटर प्रति सेकंद, म्हणजेच मी/से. हे पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या पायरीत त्या वेगातला बदल मोजावा. समजा, एखाद्या वाहनाचा वेग ४ सेकंदांत ६ मी/से वरून १४ मी/से झाला. बदल ८ मी/से इतका आहे आणि त्याला ४ सेकंद लागले आहेत. म्हणजे दर सेकंदाला वेग २ मी/से ने वाढत गेला. वेग बदलण्याच्या या दरालाच त्वरण म्हणतात. हे उत्तर प्रथम ‘२ मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद’ असे पूर्ण लिहावे आणि मोठ्याने वाचावे. ‘प्रति सेकंद’ येथे दोनदा येते, कारण सेकंदाने दोनदा भागले आहे: एकदा अंतराला वेग काढताना आणि एकदा वेगातील बदलाला त्वरण काढताना. हे दोन भागाकार एकत्र लिहिले की मी/से² होते, आणि एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत त्वरणाचे एकक हेच आहे. वर्ग हा केवळ या दोन भागाकारांची नोंद आहे. वेगळ्या प्रकारचा एखादा ‘चौरस सेकंद’ निसर्गात शोधू नये.

येथे थोडे थांबून मुक्तपणे पडणाऱ्या दगडाचा विचार करावा, कारण सर्वांत चिवट गैरसमज येथेच सापडतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ मी/से² असते. हे वाचून पहिल्या सेकंदात दगड ९.८ मीटर खाली येतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात, हवेचा विरोध सोडून दिला तर, एका सेकंदाच्या शेवटी त्याचा वेग ९.८ मी/से होतो आणि दोन सेकंदांच्या शेवटी १९.६ मी/से, पहिल्या सेकंदातील अंतर मात्र ४.९ मीटरच भरते, कारण दगड शून्य वेगापासून निघालेला असतो आणि त्या सेकंदातील त्याचा सरासरी वेग ४.९ मी/से असतो. एकक नीट वाचले, तर ते वेगातील बदलाविषयी बोलते आहे हे आपोआप लक्षात येते.

तिसरी पायरी चिन्हाची. त्वरण ही सदिश राशी असल्यामुळे संख्या आणि एकक यांच्या जोडीला दिशाही लागते. २० मी/से वेगाने जाणारे वाहन ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबले, तर गतीची दिशा धन मानल्यास त्याचे त्वरण −४ मी/से² येते. एकक तेच राहते.

चौथी पायरी रूपांतराची असून तिच्यात सर्वाधिक चुका होतात. एखादी मोटार १० सेकंदांत शून्यापासून १०० किमी/तास वेग गाठत असेल, तर तिचे सरासरी त्वरण ‘१० किमी प्रति तास, प्रति सेकंद’ आहे. येथे तास एकदाच आला आहे, म्हणून ३६०० भागिले १०००, म्हणजे ३.६ ने भागावे. उत्तर सुमारे २.७८ मी/से² येते. मात्र त्वरण किमी/तास² मध्ये दिलेले असेल, तर तास दोनदा आला आहे आणि ३६०० चा गुणकही दोनदा वापरावा लागतो. त्यामुळे १ मी/से² म्हणजे तब्बल १२,९६० किमी/तास² होतात. सूत्र आठवण्यापेक्षा एककात तास किती वेळा आला आहे हे मोजावे. माझ्या मते हीच सवय सर्वांत उपयोगी आहे.

पाचव्या पायरीत विशिष्ट क्षेत्रांतली एकके ओळखून घ्यावीत. विमाने, अंतराळयाने आणि अपघात-चाचण्या यांत त्वरण ‘जी’च्या पटीत सांगतात. वजन-मापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने १९०१ साली प्रमाण गुरुत्व त्वरण, म्हणजेच १ जी, ९.८०६६५ मी/से² इतके ठरवले. वरील मोटारीचे त्वरण त्या हिशेबाने सुमारे ०.२८ जी भरते. हा जी म्हणजे ग्रॅम नव्हे, आणि वैश्विक गुरुत्व स्थिरांकही नव्हे. तिघांची एकके वेगवेगळी आहेत.

गुरुत्वाचे सूक्ष्म मापन करणारे भूभौतिकशास्त्रज्ञ ‘गॅल’ वापरतात. गॅलिलिओच्या नावावरून आलेले हे एकक १ सेमी/से² इतके, म्हणजे ०.०१ मी/से² असते, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिगॅल. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मी/से² असते. हा फरक सुमारे ५,२०० मिलिगॅल होतो. मोकळ्या हवेत गुरुत्वमापक अवघा एक मीटर वर उचलला तरी वाचन सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते, आणि संवेदनशील उपकरणाला ते स्पष्ट कळते. इतके बारीक फरक मी/से² मध्ये लिहिले तर दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. म्हणून हे छोटे एकक सोयीचे ठरते.

शेवटी प्रत्येक उत्तराची एककांनी पडताळणी करावी. न्यूटन प्रति किलोग्रॅम असे एकक दिसले, तर न्यूटन म्हणजे किलोग्रॅम गुणिले मी/से² हे मांडून किलोग्रॅम छाटावा, मी/से² उरते. त्वरणाला काळाने गुणल्यावर मी/से आणि काळाच्या वर्गाने गुणल्यावर मीटर मिळायला हवा. तसे होत नसेल, तर आकडे तपासण्याआधी सूत्रात काळाचा घात किती घेतला आहे ते पाहावे.