लेव्हलिंग किट आणि मोठे टायर बसवल्यावर पिकअप कशी सांभाळावी

कंपनीने पिकअपचं नाक मुद्दाम थोडं खाली ठेवलेलं असतं. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. लेव्हलिंग किट म्हणजे पुढची बाजू उचलून गाडी सपाट करणारे सुटे भाग. त्याने पुढची बाजू दीड-दोन इंच उचलली की हे गणित उलटतं: रिकामी गाडी सपाट, भरलेली गाडी मागे बसलेली. म्हणून प्रत्येक तपासणी दोनदा करा, एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा हौद्यात टोमॅटोची 20 किलोची दहा कॅरेट ठेवून.

गॅरेजमधून निघायच्या आधी चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. पुढे डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर तिथेच बोला. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असायला हवी. लिफ्टवर लटकत्या चाकाने आवळले तर बुश (सांध्यातला रबर) कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाईत हेच सगळ्यात जास्त चुकतं.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्याच दिवशी करा. फक्त टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली) बघून पाठवणी होऊ देऊ नका, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांचा छापील कागद मागा. कॅस्टर कमी झाला की महामार्गावर गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. 100 किलोमीटरनंतर व्हील नट आणि किटचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळा, 500 ला परत एकदा.

मग टायर कुठे घासतो ते बघा. मडफ्लॅप आणि आतल्या प्लास्टिक लायनरला खडू फासा. रिकाम्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण कट मारून (स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून) पुढे आणि मागे गाडी घ्या. मागे घेतानाचं घासणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. खडू जिथे पुसला तिथे घासतं. लायनर हीट गनने आत दाबून बसतो, पण धातूच्या कडेला टायर लागत असेल तर टायरचा साइझच चुकला आहे. पूर्ण कटमध्ये ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ताणत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

हेडलाइटची बाब गंभीर आहे. नाक वर म्हणजे झोतही वर, आणि रात्री घाटात समोरच्याचे डोळे दिपतात. सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवा, तिच्याखाली 10 ते 15 सेंटिमीटरवर दुसरी पट्टी लावा. केबिनमध्ये झोताची उंची बदलायचं छोटं चाक असेल तर ते 0 वर ठेवून डिपर (लो बीम) लावा आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवत झोताची वरची कड खालच्या पट्टीवर आणा. माल भरल्यावर केबिनमधल्या त्या छोट्या चाकानेच झोत खाली घ्यायचा.

255/60 आर18 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) टायरच्या जागी 265/65 आर18 घातला तर व्यास 763 वरून 802 मिलिमीटर होतो, म्हणजे 5 टक्के जास्त. मीटरवर 80 दिसताना वेग पूर्वीपेक्षा 5 टक्के जास्त असतो, तो जीपीएसशी ताडून बघा. मायलेजही फसवं दिसतं: 60 लिटरमध्ये मीटर 600 किलोमीटर दाखवत असेल तर खरे 630 झालेले असतात. ग्राउंड क्लिअरन्स मात्र टायरमुळे फक्त 19 मिलिमीटर वाढतो. उरलेला रुबाब किटचा.

मोठ्या चाकाने इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाने गाडी रोखणं, थोडं ढिलं पडतं. कसारा घाट उतरताना नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवा. ब्रेकचा जळका वास आला तर बाजूला थांबा, पण चाकावर पाणी ओतू नका.

निफाड-पिंपळगावच्या काळ्या मातीत गेलात तर रिमच्या आतली बाजू धुवा. रिममध्ये वाळलेला चिखल 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरवतो आणि लोक बॅलन्सिंगचे पैसे फुकट घालवतात. त्याच वेळी सीव्ही जॉइंटचे (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या वळत्या सांध्याचे) रबरी बूट बघा. उंची वाढल्याने त्यांचा कोन तिरका झालेला असतो. रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटला आहे. लगेच बदलला तर बुटावर भागतं, नाहीतर जॉइंट जातो.

हवा थंड टायरमध्येच भरा. दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा जुन्या टायरचा आहे, तो सुरुवात म्हणून धरा. टायरवर आडवी खडूची पट्टी मारून सरळ डांबरी रस्त्यावर 100 मीटर चालवा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडांचाच गेला तर कमी. 8,000 किलोमीटरला टायरांच्या जागा आपसात बदला. स्टेपनी नव्याच साइझची घ्या आणि ती हौद्याखाली मावते का, कंपनीचा जॅक पुरतो का, हे घरीच करून बघा.

कागदांचं काम टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेतला बदल अडचणीचा ठरतो. आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा.