ब्रेक आधी, इंजिन नंतर: जुन्या मोटारीवर काम शिकताना

जुन्या मोटारीचे काम शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी इंजिन उघडायचे असते. मलाही तेच हवे होते. १९५०च्या दशकातली, चार सिलिंडरची आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली एक बंद गाडी माझ्या हाती आली, तेव्हा ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्यांनी बॉनेट उघडू दिले नाही. आधी चारही ड्रम उतरवायला सांगितले. त्या वेळी मला मनातून राग आला, पण आज मीही शिकणाऱ्यांना हेच सांगतो. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, म्हणजे चारही चाकांकडे जाणारे ब्रेक ऑईल एकच पिस्टन ढकलतो. त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर जोरात गळू लागला किंवा एखादी नळी फुटली, तर पायाखालचा ब्रेक पूर्ण जातो आणि हाती उरतो तो फक्त हँडब्रेक. इंजिन कितीही सुरेख बांधले, तरी अशी गाडी रस्त्यावर नेता येत नाही.

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी अॅडजस्टर, म्हणजे ब्रेक शू ड्रमच्या जवळ किंवा लांब नेणारा स्क्रू, सैल करावा, कारण वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या आत एक कड तयार झालेली असते आणि ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी, तिच्यात अडकतात. ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. मास्क लावून, धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. इथे घाई किंवा आळस मी कोणालाही करू देत नाही.

ब्रेकबाबत सर्वांत जास्त शिकवले ते माझ्याच एका चुकीने. सगळे जोडून झाल्यावर गाडी थोडी चालवली की पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम तापायचा आणि गाडी डावीकडे ओढायची. मी चाकाचा सिलिंडर उघडून रबर कप बदलले, मग शूच्या स्प्रिंगा बदलल्या, मग पुन्हा सिलिंडर उघडला. दोष तिथेच राहिला. शेवटी गुरूंनी चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, ब्रेक एकदा दाबून सोडायला सांगितले. चाक हाताने फिरेना. चॅसिसकडच्या लोखंडी नळीचा जोड त्यांनी किंचित सैल केला, तरी चाक घट्टच. मग चाकाजवळचा ब्लीड निपल, म्हणजे ऑईल व हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी, पाव फेरा उघडताच ऑईलची बारीक धार उडाली आणि चाक मोकळे झाले. दाब त्या दोन जागांच्या मधे, म्हणजे रबरी होजमध्ये (लवचिक नळीत) अडकत होता. होज बाहेरून नव्यासारखा दिसत होता, पण कापून पाहिला तेव्हा आतले रबर फुगून भोक इतके बारीक झाले होते की तारही जेमतेम जात होती. पायाचा जोर ऑईलला त्यातून पलीकडे ढकलू शकत होता, पण स्प्रिंगांचा जोर ते परत आणू शकत नव्हता. तेव्हापासून गाडीचा इतिहास माहीत नसेल तर मी सगळे रबरी होज न तपासताच बदलतो.

ब्रेक ऑईल निवडताना नेहमी गफलत होते, म्हणून हे नीट लक्षात ठेवावे. डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांची ऑईल ग्लायकॉलवर आधारलेली असतात आणि हवेतली ओल शोषतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर मात्र तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे, गाडी चालली असो वा नसो. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ते या दोघांत मिसळत नाही. इंजिन ऑईल, डिझेल किंवा पेट्रोल यांचा एक थेंबही ब्रेकच्या रबराला लागू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते आणि सगळे कप निकामी होतात. ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात, पण त्याआधी शू जुळवून घ्यावेत. शू ड्रमपासून लांब असतील तर पेडल खोल जाते आणि नवखा माणूस हवा राहिली असे समजून दिवसभर एअर काढत बसतो.

इंजिन उघडण्याआधी ते काय सांगते ते ऐकावे. चालू होत असेल तर गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, मोजावे आणि आकडे वहीत लिहावेत. जिथे कमी भरेल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजला आहे, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये शोधावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्या दोघांमधले हेड गॅस्केट उडालेले असणे संभवते.

सुटे करताना कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) आणि बेअरिंगच्या कॅपवर क्रमांक व दिशा खुणेने नोंदवावी. त्या जोडीने बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. मग मोजमाप. सिलिंडर वरच्या रिंगच्या थांब्याजवळ सर्वांत जास्त झिजतो, म्हणून वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजावे. बोअर करायचा ठरला तर आधी पिस्टन हातात घ्यावेत आणि त्यांच्या मापाने बोअर करून घ्यावा. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज असे डब्यावर छापलेले आहे म्हणून विसंबू नये.

रिंगांचे काम मला आजही सर्वांत आवडते. रिंग एकटीच बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून त्याने ती सरळ खाली ढकलायची, म्हणजे ती तिरपी राहत नाही, आणि मग तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. बिडाच्या रिंगांसाठी बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ हा जुना नियम आहे, म्हणजे तीन इंची बोअरला नऊ ते बारा थाऊ. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. बारीक कानशीचे दोन हात, पुन्हा मोजणे, पुन्हा दोन हात, असे बारा रिंगांना अर्धा दिवस सहज जातो. तो जाऊ द्यावा.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा, ग्राइंड करून आला की त्यातल्या ऑईलच्या वाटांचे प्लग काढून त्या ब्रशने धुवाव्यात. ग्राइंडिंगची कचकच तिथेच बसून राहते आणि पहिल्या काही मिनिटांत नव्या बेअरिंगचे वाटोळे करते. बेअरिंगमधली मोकळीक ढोबळमानाने जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) दर इंच व्यासाला एक थाऊ असते, पण निर्मात्याच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच प्रमाण मानावा.

हेडबाबत, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाबाबत, एक गोष्ट नव्यांना माहीत नसते. पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर) पातळ थर धरून तिचे रक्षण करीत असे. २०२१ साली अल्जीरियातली विक्री थांबल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून गेले. त्यामुळे बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेल्या असतील, तर हेड उतरवले आहे तोवर एक्झॉस्टच्या जागी कठीण सीट बसवून घेणे मला योग्य वाटते. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळावेत.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑईलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे. सुरुवातीचे काही शे किलोमीटर जोर लावू नये, पण एकाच वेगानेही चालवू नये. रिंगा बसण्यासाठी भार कमीजास्त होत राहावा लागतो. त्यानंतर ऑईल व फिल्टर बदलून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा जुळवावेत.

पहिल्या फेरीला मी पाचेक किलोमीटरच जातो, शेवटी ब्रेकचा फारसा वापर न करता गाडी सपाट जागी हळूहळू थांबू देतो आणि उतरून हाताची मागची बाजू आधी चारही ड्रमजवळ धरतो, मग बेताने टेकवतो. पुढचे दोन सारखे कोमट, मागचे दोन सारखे कोमट, असे असेल तरच पुढे जातो. एखादा वेगळा तापला असेल तर गाडी परत जॅकवर घेतो आणि त्या चाकाचा ब्लीड निपल उघडतो.